दोन इंच सात सूत

ओढ्याच्या काठाशी गुडघे टेकून बसलं की रिव्हॉल्व्हरच्या नळीचं टोक माझ्या डाव्या मांडीत रुतायचं. दिवसातून वीसदा. पहिल्या आठवड्यात तिथं रुपयाएवढा काळानिळा डाग पडला, आणि तो पिवळा व्हायच्या आतच त्याच्याशेजारी नवा उठला.

मी भूवैज्ञानिक. मूळची कोल्हापूरची, गेली बरीच वर्षं अलास्कात. इथला उन्हाळा म्हणजे जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंतचे मोजके आठवडे, आणि त्यात आमचं मुख्य काम डोंगरातल्या ओढ्यांचा गाळ गोळा करण्याचं. हेलिकॉप्टर सकाळी एखाद्या पठारावर सोडतं, तिथून उतरत खाली यायचं. जिथं दोन ओहोळ मिळतात तिथं थांबायचं, संथ वळणात साठलेला बारीक गाळ चाळायचा, कापडी पिशवीत भरायचा, पिशवीवर आणि नकाशावर एकच आकडा घालायचा. त्या गाळात तांबं, सोनं, आर्सेनिक किती हे प्रयोगशाळेतून कळलं की वरच्या डोंगराच्या पोटात काय आहे याचा अंदाज बांधता येतो. काम सोपं आहे. पण ते सगळं ओणव्यानं आणि गुडघ्यांवर चालतं, आणि ज्या ओढ्यांत ते चालतं तिथं अस्वलांचाही राबता असतो. वाहत्या पाण्याच्या आवाजात ना त्यांना आपली चाहूल लागते, ना आपल्याला त्यांची.

अस्वलासाठी पहिला उपाय मिरचीचा स्प्रे, हे आधीच सांगते. अलास्कातल्या वीस वर्षांच्या घटना तपासून २००८ साली निघालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्याकडे स्प्रे होता त्यांच्यातले ९८ टक्के लोक जवळून गाठ पडूनही धडधाकट परतल्याचं दिसलं. माझा विश्वास त्याच्यावरच आहे. पण स्प्रेचा पल्ला जेमतेम आठ-दहा मीटर, आणि वारा तोंडावर असला की तो आपल्याच डोळ्यांत यायचा. म्हणून रानात जाणारे बरेच जण दुसरा उपाय अंगावर ठेवतात. तो वापरायची वेळ कुणालाच नको असते. जीव वाचवायला अस्वल मारलं तर त्याचं कातडं नखांसकट आणि कवटी सोलून सरकारजमा करावी लागते, असा इथला नियम आहे. मला तो नियम योग्य वाटतो. मारणाऱ्याच्या हाती त्यातलं काही उरू नये.

माझा दुसरा उपाय म्हणजे रुगर कंपनीचं सुपर ब्लॅकहॉक. .४४ मॅग्नम, सहा गोळ्यांचं, साडेसात इंची नळीचं, वजन ४८ औंस, म्हणजे साधारण १,३६० ग्रॅम. दर वेळी अंगठ्यानं घोडा मागं ओढायचा, मगच चाप दाबायचा, अशी जुनी रचना. ते माझ्याकडं आलं एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडून. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांनी रानातलं काम थांबवलं आणि दक्षिणेकडच्या उन्हाच्या राज्यात राहायला गेले. जायच्या आधी कागदोपत्री ते माझ्या नावावर विकलं. किंमत इतकी कमी लावली की मी दोनदा विचारलं.

त्याआधीची कित्येक वर्षं मी शस्त्राविनाच हिंडले होते. कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असला तर अपवाद, पण मी त्या वाटेनं गेले नाही. गटातल्या दुसऱ्या कुणाकडं तरी बारा बोअरची शॉटगन असायची आणि मी त्यांच्या नजरेच्या टप्प्यात राहायची. ग्रीन कार्ड आलं, त्यानंतर दीड वर्षानं हे रिव्हॉल्व्हर आलं.

सहकारी सहा फूट तीन इंच. मी पाच फूट एक. त्यांच्या छातीवर जे आडवं, ऐटीत बसायचं ते माझ्या छातीपासून निघून कमरेखाली उतरायचं. इथं होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्व्हरचं म्यान, छातीवरच बांधतात, कारण कमरेला पाठपिशवीचा पट्टा असतो. उभं राहिलं की ठीक. वाकलं, बसलं, ओंडक्यावरून पाय टाकला, की नळी आडवी. मग मी जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं. मी ते काढून ठेवायला लागले. ओढ्यापाशी पोचलं की पट्टे सोडायचे, होल्स्टरसकट पाठपिशवीवर ठेवायचं, नमुना घ्यायचा, परत बांधायचं. दुपारनंतर परत बांधायचंही राहून जायचं.

ऑगस्टमध्ये टॅलकीटना डोंगररांगेत आम्ही दोघी होतो. मी आणि एक विद्यार्थिनी. ब्लूबेरी पिकल्या होत्या, उतारच्या उतार निळे-तांबडे झाले होते. मी पाण्यात हात घालून चाळणी हलवत होते. वर पाहिलं तर पलीकडच्या काठावरच्या आल्डरच्या झुडपातून अस्वलीण बाहेर आलेली. चाळीस पावलांवर. मागं दोन पिल्लं, तोंडं ब्लूबेरीनं माखलेली. ती थांबली, नाक वर केलं. माझा हात आधी कमरेच्या स्प्रेकडं गेला, तो जागेवर होता. मग दुसरा हात छातीकडं गेला. छाती रिकामी होती. रिव्हॉल्व्हर माझ्या मागं, पंधरा पावलांवर, पिशवीवर व्यवस्थित ठेवलेलं.

पळायचं नाही, नजर रोखायची नाही, शांत आवाजात बोलत राहायचं असं शिकवतात. मी बोलत राहिले. मराठीत बोलले, कारण त्या वेळी दुसरी भाषा तोंडात आलीच नाही. ‘आम्ही चाललो बाई. तुझी पिल्लं तू घे. आम्ही चाललो.’ विद्यार्थिनी हळूहळू सरकत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघी मिळून मोठ्या दिसलो असू. अस्वलीण आणखी थोडा वेळ वास घेत उभी राहिली, मग वळली आणि पिल्लांना घेऊन उतारावर चढून गेली. तिच्या पाठीवरचे केस वाऱ्यानं हलताना दिसत होते, इतकी ती जवळ होती.

काहीच झालं नाही. स्प्रे होता, आणि बहुधा तो पुरला असता. पण त्या रात्री तंबूत मला झोप आली नाही ती अस्वलामुळं नाही. दोन उन्हाळे मी सगळ्यांना सांगत होते की माझ्याकडं हत्यार आहे. विद्यार्थिनीच्या आईलाही सांगितलं होतं.

राधानगरीकडं माझ्या मामाचं गाव. मामाकडं पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. उसात गवे उतरायचे, रानडुकरं भात लोळवायची. गव्याला मारायची मुभा नव्हतीच, नुसता बार काढून हुसकायचं. बंदूक माझ्याहून उंच. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, एरवी माजघरातल्या खुंटीला असायची. एकदा संध्याकाळी मामा पाणी पाजायला गेले आणि बांधावर एकांडा गवा समोर आला. मामा आंब्यावर चढले आणि अंधार पडेपर्यंत वरच बसून राहिले. घरी आल्यावर मामी एवढंच म्हणाली, ‘बंदूक खुंटीला आणि तुम्ही बांधावर.’ ते वाक्य आमच्या घरात पुढं कितीतरी गोष्टींना वापरलं गेलं. तंबूत पडल्या पडल्या मला ते ऐकू येत होतं.

सप्टेंबरात मी गनस्मिथकडं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडं, गेले. पामरच्या बाहेर, बर्चच्या झाडांत घर, घरामागं शेड. सत्तरीचा माणूस. आत पाऊल टाकलं आणि वासानंच मी थबकले. कटिंग ऑइल, तापलेलं लोखंड, जुनं लाकूड. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आबांच्या शेडमध्ये हाच वास असायचा. शाळा सुटली की दप्तर घेऊन मी तिथंच जायची. आबा टर्नर. हरिहरच्या किर्लोस्करचा लेथ, त्याच्या पायाशी निळसर झालेल्या बर्रांचा, म्हणजे लोखंडाच्या किसाचा ढीग, आणि ‘हात लावू नको, कापंल’ हा दिवसातून दहादा दिलेला इशारा. इथं लेथ साउथ बेंडचा होता, वयानं आबांच्या लेथपेक्षाही थोरला. बर्रा त्याच.

त्यानं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, सिलिंडर फिरवून सहाही घरांत करंगळी घालून पाहिली. रिकामं आहे हे मी सांगितलं होतं, तरी पाहिलं. मला ते आवडलं. मग चौकटीची बाजू उजेडाकडं केली. तिथं तीन स्क्रू असते, म्हणजे १९७३ पूर्वीचं जुनं मॉडेल असतं, तर त्यानं करवत लावली नसती. ती संग्राहकांची वस्तू, कापली की किंमत गेली. माझ्या रिव्हॉल्व्हरवर दोन पिना होत्या. नंतरचं मॉडेल, कामाचं हत्यार.

मग म्हणाला, ‘आखूड नळीचं नवीन मिळतं. कंपनीच बनवते. का कापायचं?’

प्रश्न रास्त होता. मी खरं ते सांगितलं. या चापाची ओढ माझ्या बोटाला ठाऊक आहे. या मुठीवर माझा हात बसला आहे. आणि ज्यांनी मला हे दिलं त्यांनी ते कपाटात ठेवायला दिलेलं नाही. त्यानं मान हलवली.

मी म्हटलं, चार इंच करा. त्यानं नळीखालच्या दांडीच्या घरावर बोट ठेवलं. रिकामी काडतुसं मागं ढकलायची दांडी त्या घरात असते, आणि ते घर चार इंच पाच सुतांवर संपतं. त्याच्या आत गेलं तर दांडी आखूड करावी लागते, मग काडतुसं पूर्ण बाहेर पडत नाहीत. ‘नळी इथं, घराच्या तोंडाशी बरोबर संपली पाहिजे.’ पाच सूत म्हणजे इंचाचे पाच अष्टमांश, उद्यमनगरात सगळे असंच मोजतात. साडेसातातून ते वजा केले की जाणार दोन इंच सात सूत.

तरी त्यानं लगेच हो म्हटलं नाही. त्या खुणेवर नळीभोवती पांढरी चिकटपट्टी गुंडाळली, होल्स्टर माझ्या छातीवर बांधायला लावलं आणि म्हणाला, तू दिवसभर जे करतेस ते कर. मी त्याच्या शेडच्या सिमेंटवर गुडघे टेकले, ओढा असल्यासारखी पुढं वाकले, डाव्या हातानं पिशवी धरायचा आव आणला. तो शेजारी उकिडवा बसून चिकटपट्टी कुठं येते ते पाहत होता. पट्टीच्या पुढचा सगळा भाग मांडीत होता. पट्टीच्या मागचा काहीही नाही. दोनदा, तीनदा करायला लावलं. एवढ्या वर्षांत माझ्या अंगाच्या मापानं कुणी हत्यार पाहिलं नव्हतं. हेल्मेट, पाण्यात उतरायचे वेडर, पाठपिशवी, सगळं आधी दुसऱ्याच्या मापाचं असतं आणि मग मी त्यात मावायची.

काय गमवावं लागेल हेही त्यानं सांगितलं, आणि ते मी इथं मांडते, कारण हा सौदा आहे आणि त्याची दुसरी बाजू लपवू नये. नळी आखूड झाली की मागच्या वायूला गोळीला ढकलायला कमी अंतर मिळतं, वेग घटतो. टोकाचं वजन गेलं की धक्क्यानं हात जास्त उसळतो, दुसरी गोळी झाडायला उशीर होतो. आवाज आणि ज्वाळा दोन्ही तोंडाच्या जवळ येतात. आणि नेम. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर जेवढं कमी, तेवढी हाताची चूक लक्ष्यावर मोठी होऊन पडते. मी बराच विचार केला. माझी गरज दहा-पंधरा पावलांची. शंभर यार्डांवरून हरणाची शिकार मला करायची नाही.

त्यानंच सांगितलं की साडेसात इंच ही मुळात घोडेस्वाराची लांबी. कोल्ट कंपनीचं १८७३चं रिव्हॉल्व्हर अमेरिकी घोडदळानं साडेसात इंची नळीसह घेतलं, आणि माझ्या रिव्हॉल्व्हरचं रूप त्याच घराण्यातलं. पुढं १८९०च्या दशकात लष्करानं स्वतःच त्यातल्या पुष्कळ नळ्या कापून साडेपाच इंचांवर आणल्या, कारण आता ती घोडदळाच्या नाही, तोफखान्यातल्या सैनिकांच्या कमरेला लटकणार होती. कमरेला काय सोसतं ते ठरलं, मग नळी ठरली. मला हे ऐकून धीर आला.

रात्री आबांना फोन केला. तिकडं सकाळ. चहाचा कप हातात, चष्मा कपाळावर.

‘कायद्यात बसतंय का पण हे?’ त्यांचा पहिला प्रश्न. योग्य प्रश्न. आपल्याकडच्या १९५९च्या शस्त्र कायद्यात कलम ६ खास याच कामासाठी आहे. नळी आखूड करायची तर त्याचा वेगळा परवाना हवा, नाहीतर गुन्हा. (गंमत म्हणजे सुपर ब्लॅकहॉकही १९५९ सालचंच.) अमेरिकेत १९३४च्या कायद्यानं रायफल आणि शॉटगनला बांधलंय. आज रायफल १६ इंचांच्या आणि शॉटगन १८ इंचांच्या खाली नेली की सरकारकडं आधी नोंद करावी लागते, तशीच कापली तर तुरुंग. लांब बंदूक कापली की ती कोटाखाली लपते, ही त्यामागची भीती, आणि ती खरी आहे. पिस्तुलं त्या कायद्याच्या पहिल्या मसुद्यात होती, पण पुढं वगळली गेली. म्हणून त्यांच्या नळीला तशी किमान लांबी नाही. हे सगळं मी आबांना सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांचं चित्त दुसरीकडंच गेलं होतं.

‘मिस्त्री नळी कशाला धरणार? थ्री-जॉला?’

लेथवर वस्तू धरायची पकड तीन जबड्यांची असते नाहीतर चार, त्याबद्दल ते बोलत होते. मी म्हटलं, विचारलं नाही.

‘विचार. फोर-जॉला धरायला सांग. आणि डायल भायेरनं लावू नको म्हणावं. भायेरचा गोल आणि आतलं भोक एका रेषेत आसंलच असं न्हाई. आतनं लाव म्हणावं. तोंड भोकाला काटकोनात पायजे, कातड्याला न्हवं.’

आबांनी उभ्या जन्मात बंदुकीला हात लावलेला नाही. पण पन्नास वर्षं पंपाच्या, इंजिनच्या नळ्यांना तोंडं काढली आहेत. डायल म्हणजे वस्तू फिरताना किती डोलते ते दाखवणारी सुईची तबकडी. दुसऱ्या दिवशी मी हे गनस्मिथला सांगितलं. त्यानं हातातली कानस खाली ठेवली, विचारलं, ‘तुझे वडील काय करतात?’ मी सांगितलं. म्हणाला, ‘त्यांना सांग, मी आतूनच लावतो.’ आणि मग म्हणाला की मला पाहायचं असेल तर काम करताना बोलावेन.

ऑक्टोबरात बोलावलं. त्याआधी खंडेनवमी येऊन गेली. आबांनी लेथ केरोसिननं पुसून, झेंडूची माळ घालून, हळदकुंकू लावून फोटो पाठवला. मी माझ्या टेबलावर हातोडा, होकायंत्र, भिंग मांडलं. रिव्हॉल्व्हर शेडमध्ये होतं. आबा म्हणाले, ‘त्या मिस्त्रीच्या लेथला बी फूल वहा गं कुणीतरी.’ मी जाताना शेवंतीचं एक फूल घेऊन गेले. का ते सांगितलं. त्यानं ते लेथच्या वरच्या फळीवर, ड्रिलच्या डब्यात उभं करून ठेवलं.

नळी त्यानं आधीच चौकटीतून सोडवली होती, लाकडी ठोकळ्यांमध्ये राळ घालून, म्हणजे पकड घट्ट बसते आणि ओरखडा उठत नाही. हॅक्सॉनं कापायला चार मिनिटंही लागली नाहीत. मला वाटलं होतं त्या क्षणी काहीतरी होईल. वीस वर्षं एका माणसाच्या छातीवर राहिलेली वस्तू आहे ती. पण करवतीचा आवाज उद्यमनगराचा होता. तुकडा कापडावर पडला, गनस्मिथनं तो उचलून न बोलता माझ्या तळहातावर ठेवला. अजून गरम होता. सात-साडेसात तोळ्यांचा असावा.

खरं काम त्यानंतर. फोर-जॉ चक. नळीत नेमकी बसणारी सळई, सळईवर टेकवलेली डायलची सुई. चक हातानं फिरवायचा, सुई कुठं डोलते पाहायची, समोरासमोरचे दोन जबडे केसभर ढिले-घट्ट करायचे, परत फिरवायचा. हे वीस-पंचवीस मिनिटं चाललं. सुई अर्ध्या थाउच्या, म्हणजे इंचाच्या दोन हजाराव्या भागाच्या, आत आली तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि मी नकळत ‘हं’ म्हटलं, आबा म्हणतात तसं. मग तोंड सपाट केलं, मग बाहेरची कड गोल.

गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते ती जागा म्हणजे हे तोंड. आतल्या सहा आट्यांनी तिला फिरकी दिलेली असते. एका बाजूला सुईच्या टोकाएवढी जरी कोर वर आली, तरी तिथून वायू आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला कलता धक्का बसतो. बाकी सगळी नळी आरशासारखी असूनही नेम गेला. म्हणून शेवटचा हात यंत्राचा नाही. त्यानं गोल डोक्याचा एक पितळी स्क्रू घेतला, हातड्रिलमध्ये धरला, डोक्याला व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट लावली आणि नळीच्या तोंडावर टेकवून फिरवायला लागला. फिरवताना मनगट आठाच्या आकड्यासारखं हलत होतं, म्हणजे खोबण एका जागी पडत नाही. पुसलं, भिंगातून पाहिलं, परत लावलं. सहाही आट्यांच्या कडांना सारखी, केसाएवढी चकाकती किनार आली. मग कान साफ करायची कापसाची काडी नळीत घातली आणि तोंडावरून सगळीकडं ओढून बाहेर काढली. कापसाचा एकही तंतू अडकला नाही. त्यानं दुसरी काडी मला दिली. मी ओढून पाहिली. नाही अडकला.

माशी चांदीच्या डागानं परत बसवली, आमच्याकडं सोनार देतो तशाच. ती त्यानं मुद्दाम जरा उंच ठेवली. नोव्हेंबरात बर्फातल्या नेमबाजीच्या मैदानावर मी पहिल्या पाच गोळ्या झाडल्या त्या सगळ्या खाली गेल्या, पण मुठीएवढ्या जागेत. मग त्यानं खिशातून कानस काढली, दोन हात मारले, परत झाडायला लावलं. परत दोन हात. माशी उतरेल तशा गोळ्या वर चढत गेल्या. ‘काढता येतं, लावता येत नाही,’ एवढंच म्हणाला. वेगमापकावर सरासरी पूर्वीपेक्षा सेकंदाला शंभर फुटांच्या आसपास कमी आली. धक्का त्यानं सांगितल्यापेक्षा जास्त जाणवला. त्या हिवाळ्यात मी दर शनिवारी जाऊन सराव केला, दुसरी गोळी पहिल्यासारखी पडेपर्यंत.

ज्यांनी रिव्हॉल्व्हर दिलं त्या सहकाऱ्यांना मी आधी सांगितलं नव्हतं, नंतर सांगितलं. फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘तुकडा ठेवलास का?’ ठेवला होता. ‘पाठव.’ मी पाठवला. त्यांनी तो कुठं ठेवलाय ते मी विचारलं नाही. आबांनाही तो हवा होता, तोंड कसं कापलं ते बोटानं पाहायला. पण आपल्या कायद्यात बंदुकीचा भाग ही बंदूकच. कोल्हापुरात नेण्याचा प्रश्नच नव्हता. भिंगाला मोबाइल लावून फोटो काढला, त्यावर त्यांना समाधान मानावं लागलं.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच पठार, तेच ओढे. पहिल्या ओढ्यापाशी मी सवयीनं पट्ट्याच्या बकलाला हात घातला. मग हात काढला आणि तशीच बसले. चाळणी, पिशवी, आकडा. उठले. मांडीला काही लागलं नाही. त्या उन्हाळ्यात चारशेच्या वर नमुने झाले. अस्वलं तीनदा दिसली, तिन्ही वेळा लांबून, आणि आपापल्या वाटेनं गेली. रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून बाहेर आलं ते फक्त रोज रात्री पुसण्यासाठी.

यंदाच्या खंडेनवमीला ते टेबलावर होतं. रिकामं करून, सिलिंडर बाहेर काढून, हातोड्याच्या शेजारी. आबा व्हिडिओवर. त्यांच्या मागं लेथची माळ दिसत होती.

‘तोंड दाखव,’ म्हणाले. ‘सीझन झाला न्हवं एक. कड बघू.’

सिलिंडर हातातच होता, तरी मागून उजेड आरपार येतोय ते आधी दाखवलं. मग भिंग लावलं, कॅमेरा जवळ नेला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पडद्याला नाक लावलं.

‘आतली कड ब्येस हाय. भायेरनं पांढरं का झालंय गं? गंज न्हाई न्हवं?’

‘गंज नाही, आबा. निळा मुलामा उडालाय. होल्स्टरच्या कातड्यानं घासून. चालताना, बसताना.’

‘रोज?’

‘रोज. सकाळपासून रात्रीपर्यंत.’

आबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

‘तेलाचा हात दे मग. पाण्यातलं काम हाय तुझं.’